लॅव्हेंडरचा वाफारा

“टॉवेल नीट ओढून घे, वाफ बाहेर जातेय,” राजवर्धन आईला म्हणाला आणि त्यानं गरम पाण्याच्या पातेल्यात तेलाचे दोन थेंब टाकले. सायनसवर लॅव्हेंडरचा वाफारा चांगला, हे त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. ऑफिसातून येताना वाकडी वाट करून बाटली आणली होती. मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर रंगूबाईला निदान भांडता तरी आलं असतं.

लॅव्हेंडर तिला काही नवं नव्हतं. तळोज्याच्या एका कारखान्यात लादी पुसायच्या जांभळ्या औषधाच्या बाटल्यांना ती झाकणं लावायची. त्या उग्र वासानंच तिचं नाक चोंदलं होतं, कपाळ ठणकत होतं. कामोठ्याच्या घरी आली की आधी अंघोळ करायची, कारण सून म्हणायची, आई, वास येतो. आता तोच वास कौतुकानं घरात आला होता.

काम सोडायचं आज घरी सांगायचंच, असं ती बसमध्ये शेजारच्या गोजराला बोलून बसली होती. दारात पाऊल ठेवताच लेकानं बाटली दाखवली, तेव्हा तिला वाटलं, याला न सांगताच कळलं.

टॉवेलखालूनच ती म्हणाली, “राजू, मला न्हाय जमायचं आता. त्यो वास सोसवंना. काम सोडते.”



“आई, तो केमिकलचा वास,” सून मोनाली म्हणाली. “हे नॅचरल आहे. रोज घेतलंत की त्रासच नाही होणार.”

“आणि घरी बसून करणार काय?” राजवर्धन समजुतीनं म्हणाला. “बसलीस की शंभर दुखणी निघतील. रोज वाफ घे, सकाळी फ्रेश जाशील.”

रंगूबाईला संताप आला. औषध तिच्यासाठी नव्हतंच, सकाळच्या बससाठी होतं. पण इतक्या मायेनं बोलणाऱ्याला सुनवायचं तरी काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

“मोकळं वाटतं का?” त्यानं विचारलं.

“व्हय,” ती म्हणाली. नाक आणखीच चोंदलं होतं.

पातेलं ओतून तिनं बाटली उचलली. कामाच्या सवयीनं झाकण पिळून बसवलं, बाटली पदरानं पुसली आणि लेबल पुढे करून फळीवर ठेवली.

सकाळी मोनालीला शिंका सुटल्या. तिनं बाटली घेतली, तर झाकण हलेना. राजवर्धननंही जोर लावून पाहिला. आईला हाक मारावी, तर कंपनीची बस केव्हाच गेली होती.