पुलापुढचं कडवं

“या गाण्यात प्रभूचं नाव कुठं आहे, तेवढं मला दाखव,” ताई म्हणाली आणि चिमणीनं पुढे केलेला मोबाइल तिनं तसाच परत केला.

नाताळच्या गाण्यांच्या सरावाला जमलेली सगळी मंडळी त्या दोघींकडे बघू लागली. चिमणी ही गायकवृंदातली सर्वांत लहान चणीची आणि सर्वांत उंच आवाजाची मुलगी. बँकेत नोकरीला लागली होती, तरी हे नाव काही तिला सोडत नव्हतं.

“नाव नाहीये, ताई. पण नाताळचंच गाणं आहे. सगळ्यांना येतं. लोक टाळ्या वाजवतील.”

“टाळ्या काय, सर्कशीतही वाजतात. आणि काय गं, म्हणे बर्फातून चाललेला माणूस! आपल्यापैकी कोणी बर्फ पाहिलाय का? फ्रिजमधला सोडून?”

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते शेवटच्या बाकावर बसलेले ताईचे यजमान. ते लिफ्ट दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. गाण्याशी त्यांचा संबंध एवढाच, की सराव संपायच्या सुमाराला ते बायकोला घरी न्यायला येत आणि मागे बसून डुलक्या काढत.

ताई तशी तिरसट नव्हती. पण परकर नेसायच्या वयापासून ती याच मंडळीत गात आली होती आणि आता सरावही तीच घ्यायची. गाणं म्हणजे तिच्या लेखी प्रार्थनाच, फक्त चालीत बसवलेली. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. डिसेंबर उजाडला, की मालक सकाळपासून तीच ती गाणी लावून ठेवी. घंटा काय, बर्फ काय, भेटवस्तू काय! “जन्म गव्हाणीत झाला आणि बारसं दुकानात चाललंय,” असं ती पुटपुटायची.

आणि नेमकं चिमणीचं ते गाणं तिच्याच घरात मुक्कामाला होतं. मिस्त्री चहा टाकताना ते गात. एक माणूस बर्फातून घराकडे निघालाय. पहिल्या कडव्यात तो टेकडी उतरतो, दुसऱ्यात पुलावर येतो. मिस्त्री पुलावर आले, की बाहेरच्या खोलीतून ताईचा आवाज यायचा, “पुरे आता! पुलावरच थांबा.”

“थांबतो बाई. गारठून मेलो तर तुझ्या माथी.”

एकदा तिनं सरळच विचारलं होतं, “अहो, खरं सांगा, देवाला असलं काही चालत असेल का?”

“न चालायला काय झालं? सुताराच्या घरात वाढलाय तो. लाकूड तासताना त्या घरात कुणीतरी काहीबाही गुणगुणत असेलच की. ऊठसूट स्तोत्रंच कशी म्हणतील माणसं?”

 ताई म्हणाली, “चहा उतू जातोय तुमचा.”

वर्ष सरलं. नाताळ महिन्यावर आला होता. मिस्त्री सकाळी नेहमीसारखे कामाला गेले. एका कचेरीची लिफ्ट सुरू करून दिली, सोबत्याला म्हणाले, “जरा टेकतो रे,” आणि भिंतीला पाठ लावून खाली बसले. पुन्हा काही उठले नाहीत. दुपारी मालकानं मागच्या खोलीत येऊन ताईच्या हातातली काच हळूच काढून घेतली आणि तिच्यासमोर स्टूल ओढून तो बसला. त्यानं तोंड उघडण्याआधीच तिला कळलं.

दफनाच्या वेळी ताई ताठ उभी राहून गायली. शेवटच्या ओळीपर्यंत. “केवढा विश्वास!” असं लोक एकमेकांत म्हणाले. तिनं ते ऐकलं आणि तिला बरंही वाटलं. घरी मूलबाळ नव्हतं, सासूबाई तेवढ्या होत्या. कानानं कमी, पायानं अधू. दोघी एकमेकींसाठी स्वयंपाक करायच्या आणि दोघींपैकी कुणीच जेवायचं नाही.

नाताळच्या सरावाला ताई पुढे उभी राहिली, हात उचलला, पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीत प्रभूचं नाव आलं आणि कुणीतरी आतून कडी घालावी तसा तिचा घसा बंद झाला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच. “सर्दी झालीय,” ती म्हणाली. चिमणीनं पुढे येऊन ताल धरला. त्यानंतरच्या सरावांनाही ताईला सर्दीच होती. इतकी चिवट सर्दी कुणाला नसते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. 

दुकानात मालकानं यंदा तिच्याकडे बघून गाणी लावलीच नव्हती. एक दिवस शेजारच्या दुकानातून ते गाणं ऐकू आलं. ताई काच घासत होती. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं, की आपण गुणगुणतोय. टेकडी उतरली, पुलावर आली. आवाज स्वच्छ, मोकळा, जुन्यासारखा. आणि मग तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली, की मशीन बंद करून ती तशीच बसून राहिली. आयुष्यभर ज्याची स्तुती गायली, त्याचं नाव ओठावर येत नाही. आणि हे चुरमुऱ्यासारखं गाणं मात्र आपोआप बाहेर पडतं!

त्याच संध्याकाळी भाजी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, “त्याचं ते गाणं म्हण की गं. घर कसं मुकं झालंय.”

“कुठलं, आई?” तिनं विचारलं. कुठलं ते तिला कळलं होतं.

“बर्फातलं. शाळेत असल्यापासून म्हणायचा. अलीकडे मला शब्द ऐकू यायचे नाहीत, नुसता आवाज यायचा. पण तो घरात आहे, एवढं कळायचं.”

ताईनं त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन गाणं सुरू केलं. टेकडी झाली. पूल आला. तिथं ती थांबली.

“पुढं?”

“पुढचं येत नाही मला.”

“इतक्या वर्षांत?” सासूबाईंनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, नुसतं नवल होतं. म्हणूनच ते काळजात घुसलं. ताई उठली आणि नळ सोडून धुतलेलीच भांडी पुन्हा धूत बसली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती बँकेत गेली. तिला पाहून चिमणी खुर्चीवरून उठलीच.

“ताई, मी यंदा त्या गाण्याचा विषयसुद्धा काढलेला नाही हं.”

“माहीत आहे. ते शिकव मला.”

“कुठलं?”

“तेच. पुलापुढचं.”

दोघी मागच्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. चिमणीनं डबा बाजूला ठेवला. हलक्या आवाजात विचारलं, “पण ताई, त्यात प्रभूचं… म्हणजे तुम्हीच म्हणाला होतात ना.”

“नाव नाहीये, म्हणूनच येतंय मला.” ताई तिच्याकडे न बघता म्हणाली. “त्याच्याशी सध्या माझा अबोला आहे. तोडलेलं नाही काही. बोलत नाही एवढंच. घरात नवरा-बायको बोलत नसली, तरी एकाच छपराखाली राहतात, तसं समज.”

 चिमणी गायलाच लागली. तिसऱ्या कडव्यात तो माणूस पूल ओलांडतो. खिडकीत दिवा असतो. तो दार वाजवतो, आतून कुणीतरी येतं आणि त्याचा ओला कोट काढून घेतं.

“एवढंच?” ताईनं विचारलं.

“एवढंच.”

“पोचतो म्हणजे.”

“हो ताई. पोचतो.”

“साधंच आहे की,” ताई म्हणाली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून तिथं पायरीवर रडली. जिन्यानं वर जाणारे लोक अंग चोरून गेले. चिमणीनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता. तिच्या जेवणाची सुट्टी संपली, तरी तिनं तो काढला नाही.

नाताळच्या सकाळी उपासनेला निघण्याआधी ताईनं सासूबाईंच्या कानाशी बसून ते गाणं अथपासून इतिपर्यंत म्हटलं. कुठं अडखळली नाही.

सासूबाई ऐकत राहिल्या. “छान म्हणतेस. पण तो असं नव्हता म्हणत. तू फार बरोबर म्हणतेस.”

ताईला हसू आलं. कित्येक दिवसांनी.

“तू सरावाला गेलीस, की सगळं म्हणायचा,” सासूबाई चपला चाचपत म्हणाल्या. “ते शेवटचं कडवंसुद्धा, अगदी गळा काढून. मग तुला आणायला निघायचा.”

ताईनं खाली बसून त्यांच्या पायात चपला घातल्या. दुसरा पट्टा लावायला तिला बराच वेळ लागला.

देवळात त्या दिवशी ताई पुढे उभी राहिली नाही. सासूबाईंना घेऊन बाकावर बसली. चिमणीनं हात उचलला, ऑर्गन सुरू झाला, सगळे उभे राहिले. सासूबाईंना ऑर्गन नीट ऐकू येत नसे. त्या लोकांच्या ओठांकडे बघून गायच्या आणि त्यामुळे नेहमी अर्धी ओळ मागे पडायच्या. मोठ्यानं आणि मागे. एरवी अशा वेळी ताई त्यांना कोपरानं हळूच खुणावायची.

आज तिनं खुणावलं नाही. म्हातारी एकटी मागून येतेय हे तिला बघवेना, म्हणून ती त्यांच्या सोबतीला गेली. आधी नुसती चाल, मग शब्द. प्रभूचं नाव आलं तेव्हा तिचा आवाज फाटला, बेसूर झाला. पण थांबला नाही. सासूबाईंचा हात हातात घेऊन ती त्यांच्याच गतीनं चालत राहिली.

सगळ्यांचं गाणं संपलं. देवळात शांतता झाली आणि त्या शांततेत दोघींची अर्धी ओळ उरली होती. काही माना वळल्या. ऑर्गनवाल्यानं उचललेली बोटं पुन्हा पट्ट्यांवर टेकवली आणि त्या दोघींचं होईपर्यंत तो सूर धरून बसला.