डावा पीळ

"कोण गाढव होतं ते!" गाडीखालून मिस्त्रींचा आवाज आला. "नीट वळसा द्यायचा सोडून पाइप चासीला घासत नेलाय, तोही सायलेन्सरच्या अंगावरून! अशा माणसाच्या हातात पाना देऊ नये, खुळखुळा द्यावा!"

"बाबा, शिव्या नंतर. आधी पाइप काढा," मुलगी म्हणाली.

गॅरेज आता मुलीचं होतं. म्हणजे उभारलं मिस्त्रींनी, पण गेली पाच वर्षं हुकूम तिचा चालायचा. बाप डावखुरा, लेकही डावखुरी, आणि नेमकं तिचं डावं मनगट प्लास्टरमध्ये. दुसरा मिस्त्री सासऱ्याच्या आजारपणात अडकलेला. नाहीतर तिने बापाला आज गाडीखाली जाऊच दिलं नसतं.

त्याला कारण होतं. ऑइलचा पाइप जोडायचा तर त्याचं तोंड फुलवावं लागतं, म्हणजे नट त्याला पकडून ठेवतो. पण नट आधी पाइपात ओवायचा असतो. तोंड एकदा फुलवलं की तो काही केल्या आत जात नाही. शिकाऊ माणूस हे एकदा विसरतो, बोलणी खातो आणि जन्मभर लक्षात ठेवतो. मिस्त्री अडुसष्टाव्या वर्षी एका आठवड्यात तीनदा विसरले. तिसऱ्या वेळी तर गिऱ्हाईक तोंडावर हसलं. मुलीने काउंटरमागची खुर्ची पुसली, तिच्यावर एक नवी उशी ठेवली आणि म्हणाली, "बाबा, आता तुम्ही इथे बसा." उशी चांगली मऊ होती, पण महिनाभर ती मिस्त्रींना टोचत होती.

आणि आज सकाळी गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांची डोंगरात चालणारी गाडी सत्तावीस वर्षांची होती. गिअरबॉक्समधलं तापलेलं ऑइल रेडिएटरपर्यंत थंड व्हायला नेणारा आणि परत आणणारा, असे दोन्ही पाइप गंजून चाळणी झाले होते. गाडी जाईल तिथे ऑइलची रांगोळी. वरच्या वाड्यांवर गुरं पटापट मरत होती आणि लशी बर्फाच्या पेटीत तयार होत्या. उद्या उजाडताच निघायलाच हवं होतं. त्या चढावर दुसरी गाडी जात नव्हती. या जुन्या गाडीचे तयार पाइप तर आता कुठेच मिळत नव्हते.

"जुना पाइप समोर ठेवायचा आणि डिट्टो तसाच करायचा," मुलीने बजावलं. "स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

"मग ते मानेवर ठेवलंय कशाला? टोपी घालायला?"

"बाबा, मस्करी नाही. आज नट विसरलात ना, तर उद्यापासून तुमच्या हत्यारांच्या पेटीला कुलूप. मग माझ्यावर रागवायचं नाही."

मिस्त्रींनी मान डोलावली. ती आकसाने बोलत नव्हती, हे त्यांना कळत होतं. म्हणून तर जास्त लागलं.

नट गंजून दगड झाले होते. मिस्त्रींनी त्यांना गंज सोडवायचं तेल पाजलं, वाट पाहिली, पुन्हा पाजलं. मग एका पान्याने रेडिएटरची बाजू धरून ठेवली आणि दुसऱ्याने नट हळूहळू फिरवला. घाई केली असती तर रेडिएटरच हातात आला असता. दुपारपर्यंत पहिला पाइप बसला. दुसऱ्याचं पहिलं तोंड नट ओवून फुलवलं, मग जुन्या पाइपाशी ताडून बघत तो वळवला. सायलेन्सरवरून जाणारा बाक वळवताना त्या अज्ञात गाढवाच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला.

तीन वाजता मिस्त्री पाइप लावून बघायला पुन्हा गाडीखाली गेले. चासीवरच्या क्लिपवर चिखल आणि ऑइलचा थर बसला होता. तो त्यांनी खरवडला. खाली क्लिप बांधलेली तांब्याची तार निघाली. अडीच वेढे, आणि पीळ डावा. सगळं जग तारेला उजवा पीळ घालतं.

मिस्त्री सरपटत बाहेर आले ते चोर सापडल्यासारखे खूश होऊन.

"सापडला! आणि घरातच सापडला! पोरी, बघ जाऊन. डावा पीळ आहे. या भागात डावखुरे मिस्त्री किती? दोन. त्यातला एक मी. आता बोल!"

मुलगी वाकली, तिने दिवा धरून नीट पाहिलं, आणि उठून तिथे थांबलेल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, "हा पाइप याआधी कधी बदललेला?"

"मी नोकरीला लागले त्या वर्षी. चौदा वर्षं झाली. तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही."

"चौदा वर्षांपूर्वी मी नववीत होते, बाबा," मुलगी हळूच म्हणाली.

मिस्त्री स्टुलावर बसले. त्यांना तो दिवस आठवला. पाइप चार बोटं तोकडा कापला गेला होता. नवा कापायचा कंटाळा आला. मग तोच ताणून, सायलेन्सरवरून जवळच्या वाटेने नेऊन बसवला आणि स्वतःशीच म्हटलं, चालतंय की! तिथेच तो घासला, तिथेच चिखल साचला, तिथूनच गंज धरला.

"तो गाढव मीच," मिस्त्री म्हणाले.

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. मुलगी मात्र हसली नाही.

"तेव्हा हात कसा होता माझा! झोपेतसुद्धा तोंड फुलवलं असतं. आणि काम बघा, हे असं! आळस केला, दुसरं काय." मिस्त्रींनी दुपारभर खपून वळवलेला पाइप बाजूला ठेवला. "हा मी बसवणार नाही."

"बाबा, चौदा वर्षं टिकला ना? बसवा तोच. आता एकच कोरा पाइप उरलाय. हा तुम्ही बसवायचा नाही म्हणता आणि तो बिघडला, तर गाडी इथेच, आणि लशी वाया."

"माहीत आहे गं. पण माझी चूक मला दिसली आहे. ती पुन्हा माझ्याच हाताने कशी बसवू? नट विसरलो ते विसरलो. हे विसरणं नाही, ही चोरी होईल."

मुलगी आत गेली आणि उरलेला पाइप उजव्या हाताने स्वतः घेऊन आली.

मिस्त्रींनी जुन्या पाइपाकडे पाठ फिरवली. एक तार घेतली आणि थेट गाडीवरूनच माप घेतलं, सायलेन्सरपासून लांब, चासीला न टेकता. तीनदा मोजलं. पाइप चार बोटं जास्तच कापला. पहिलं तोंड फुलवलं. मग एकेक बाक. चहाच्या कपावर त्यांचा हात थरथरायचा, पण पाइपावर जोर दिला की गप्प बसायचा. सहा बाक वळले, एकही चेपला नाही.

उरलं शेवटचं तोंड. मिस्त्री पाठमोरे उभे होते. मुलीला पाठीआडचं काही दिसेना. विचारावं तर बापाचा अपमान, न विचारावं तर... तिचा जीव टांगणीला लागला.

"बाबा, न—"

मिस्त्रींनी मागे न बघता, तोंड फुलवून झालेला पाइप वर धरून हलवला. दोन्ही टोकांचे दोन्ही नट खुळखुळ वाजले.

"म्हटलं होतं ना, अशा माणसाला खुळखुळा द्यावा!"

मुलगी इतकी हसली की प्लास्टरचा हात पोटाशी धरावा लागला. हसता हसता डोळे पुसायलाही तिच्याकडे एकच हात होता.

साडेपाचला गाडी समोरच्या चढावर जाऊन आली, दोनदा. मग खाली कोरा पुठ्ठा टाकून इंजिन अर्धा तास चालू ठेवलं. मिस्त्रींनी गुडघे टेकून पुठ्ठा बाहेर ओढला आणि उजेडात धरला. एक ठिपका नव्हता.

"पुठ्ठा मला द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आमच्या साहेबांच्या टेबलावर ठेवते. ही गाडी भंगारात काढा म्हणत होते."

दुसऱ्या दिवशी दुपारी वरून त्यांचा फोन आला. चार वाड्या झाल्या होत्या, पाचवीला निघाल्या होत्या. मुलीने निरोप मोठ्याने सांगितला. ऐकून मिस्त्री खुर्चीवरून उठले, उशी उचलली आणि मुलीला तिथे बसवून ती तिच्या प्लास्टरखाली सरकवली.

"आता तू इथे बस," ते म्हणाले. "हाड नीट जुळू दे."

पेटी घेऊन ते दुसऱ्या एका गाडीखाली शिरले. मुलगी गिऱ्हाइकाशी बोलत होती. तिने काही विचारलं नव्हतं, तरी थोड्या वेळाने खालून दोन नट खुळखुळल्याचा आवाज आला.