मशीनमधलं पांढरं पातळ

प्रज्ञेशच्या वॉशिंग मशीनची वॉरंटी मंगळवारी संपली आणि गुरुवारी मशीनने दार उघडायला नकार दिला. मशीनला कॅलेंडर कळतं, असं त्याच्या ऑफिसात सगळे म्हणायचे. पण ते दुसऱ्यांच्या मशीनबद्दल, आणि हसत.

आत त्याच्या आईचं पातळ होतं. पांढरंशुभ्र, निळ्या काठाचं. कांताबाई चौदा एप्रिलची जयंती आटोपून पवनीहून लेकाकडे आठ दिवसांसाठी आल्या होत्या. तिकडे त्यांच्या वस्तीतला नवा विहार बुद्धपौर्णिमेला उघडणार होता. महिला मंडळाने सगळ्यांना एकसारखी पातळं घेतली होती, आणि बुद्धवंदना सांगायचा मान कांताबाईंचा होता. जयंतीला नेसलेलं ते पातळ त्या हाताने धुणार होत्या. "अगं, मशीन कशाला आहे?" असं प्रज्ञेशच म्हणाला. मशीनने पातळ धुतलं, पाणी सोडून दिलं आणि गप्प बसलं. गोल काचेआड पातळाचा ओला बोळा तेवढा दिसत राहिला.

"फोड न ते काच," कांताबाई म्हणाल्या.

"फोडली तर चूक आपली होते, आई. ग्राहकाने छेडछाड केली म्हणतात."

"मंग कंपनीवाल्याले बोलाव."

"वॉरंटी संपली."

"कधी?"

"परवा."

"म्हंजे सरकारी नोकरीतलीच दिसते. रिटायर झाली तं काडी उचलत नाही."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये त्याने मशीनची पुस्तिका काढली. हिंजवडीच्या वाटेवर बस इतकी रखडली की पुस्तिकेचं हिंदी भाषांतरसुद्धा वाचून झालं. शेवटून तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: आपत्कालीन परिस्थितीत खालच्या छोट्या झाकणामागची लाल दोरी ओढावी, दार उघडेल.

ही परिस्थिती आपत्कालीन आहे का, यावर प्रज्ञेशने प्रामाणिकपणे विचार केला. फ्लॅटमधला एक मित्र अमेरिकेला गेला होता आणि दुसऱ्याचं लग्न झालं होतं. दोघांनी जाताना आपापल्या उशा मागे ठेवल्या होत्या. वर्षभर तो दर रविवारी दोन बस बदलून मंडईत जायचा, कारण तिथे भावात घासाघीस केली की भाजीवाल्या अंगावर यायच्या. आठवड्यातून एकदा तरी माणसाशी कुणी तावातावाने बोललं पाहिजे. आणि आता घरी गेलं की स्वयंपाकघरातून "हातपाय धुतले का?" असा आवाज येत होता. याला आपत्ती म्हणणं त्याला काही जमेना. त्याने पुस्तिका बॅगेत तळाशी सरकवली.

संध्याकाळी तो आईला म्हणाला, "हा आता तत्त्वाचा प्रश्न आहे."

"पातळाचा हाय न बाप्पा."

"दोन्हीचा."

तत्त्वासाठी तो बिबवेवाडीला गेला. तिथे हिंमतराव नावाचे निवृत्त गृहस्थ आपल्या घराच्या पुढच्या खोलीत ग्राहकांना मोफत सल्ला देत. मोफत असल्यामुळे ते अपमानही सढळ हाताने करत.

"वॉरंटी संपली म्हणजे हक्क संपला, ही कंपन्यांनी उठवलेली आवई आहे," हिंमतराव म्हणाले. "दोष मुळातला असेल, तर नंतरही दाद मागता येते. मात्र तो सिद्ध करायचा आपण. तेव्हा मशीनला हात लावायचा नाही. आहे तसं ठेवायचं. जमेल आपल्याला?"

"जमेल!"

प्रज्ञेश हे इतक्या आनंदाने म्हणाला की हिंमतरावांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं.

"लोक इथे रडत येतात. असो. मानसिक त्रासाची भरपाई मागू. त्रास काय झाला?"

"आई थांबली."

"हे त्रासात घालू?"

"नको."

"मग कशात घालू? अहो, फायद्याचा रकाना नसतो आपल्याकडे."

कंपनीला नोटीस गेली. कंपनीचं उत्तर आलं की दार एकदा उघडून पुन्हा बंद करून पाहावं. प्रज्ञेशने कळवलं की दार उघडत नाही, हीच तक्रार आहे. कंपनीने आभार मानले आणि विचारलं, दार बंद असताना ही अडचण येते की उघडं असताना? प्रज्ञेश स्वतः सॉफ्टवेअर टेस्टर होता. समोरच्याला दमवायची ही पद्धत तो रोज पगार घेऊन वापरायचा. त्याने तितक्याच सावकाश उत्तरं दिली. एखाद्या पत्राला कंपनीने चुकून लवकर उत्तर दिलं, तर त्याला धस्स व्हायचं.

आठ दिवस केव्हाच उलटून गेले. कांताबाई मशीनसमोर स्टूल घेऊन भाजी निवडत बसायच्या. पवनीहून मंडळाच्या चंद्रभागाबाईंचा फोन यायचा.

"अवो कांताबाई, पौर्णिमा आली न! तुमच्याशिवाय वंदना कोन सांगीन?"

"येतो न. पातळ अटकलं."

"कुठी अटकलं?"

"कायद्यात."

प्रज्ञेश आतून ऐकायचा. लाल दोरी ओढायची तर उद्या, असं रोज ठरवायचा. उद्या आला की आईने मुगाच्या वड्यांची भाजी केलेली असायची.

मग एका सकाळी कांताबाई काचेला डोळा लावून बसलेल्या दिसल्या.

"बाबू, हे पाय बरं. काठाजवळ काळं काळं काय दिसून रायलं?"

प्रज्ञेशने पाहिलं. पांढऱ्यावर बारीक काळे ठिपके उठले होते, मोहरी सांडल्यासारखे. ओलं सुती कापड, बंद डबा आणि उन्हाळा. इंजिनीअर नसलेल्यालाही हे पहिल्या दिवशी सुचलं असतं. त्याचं बोट झाकणाकडे गेलं आणि मागे आलं. आई शेजारीच बसली होती. आता ओढली तर विचारेल, इतके दिवस का नाही?

तेवढ्यात बेल वाजली. नोटिशीला कंटाळून कंपनीने मेकॅनिक पाठवला होता, तोही फुकट. त्याचं नाव सौरभ.

"सर, दोन मिनिटांत उघडतो."

"थांबा," प्रज्ञेश मशीनला पाठ लावून उभा राहिला. "आधी स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी व्हायला हवी. माझा हक्क आहे तो."

"सर, मला उघडायलाच पाठवलंय."

"उघडलंत तर पुरावा नष्ट होईल."

"सर, पुरावा सडतोय आत." सौरभ वाकला, प्रज्ञेशच्या पायांमधून हात घालून त्याने खालचं झाकण काढलं आणि दोरी ओढली. टक् असा आवाज झाला आणि दार उघडलं. खोलीभर कुबट वास पसरला. "पुस्तकात आहे की हे. कुणी वाचतच नाही."

कांताबाईंनी लेकाकडे पाहिलं. हा मुलगा बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूरसुद्धा शेवटपर्यंत वाचायचा, अगदी लहानपणापासून.

"नसन वाचलं," त्या सौरभला म्हणाल्या. "च्या घेता का?"

चहा झाला. सौरभने मशीनच्या दाराला नवं कुलूप बसवलं, साडी कंपनीच्या जबाबदारीत येत नाही असं अदबीने सांगितलं आणि तो गेला. कांताबाई पातळ मांडीवर घेऊन बसल्या.

"तुले मालूम होतं."

"हो."

"पयल्या दिवसापासून?"

"दुसऱ्या. पहिल्या दिवशी पुस्तक सापडत नव्हतं."

त्यांनी एक ठिपका नखाने खरवडून पाहिला. ठिपका हलला नाही.

"मंग थांब म्हणाचं न तोंडानं."

"म्हणालो असतो, तर थांबली असतीस?"

कांताबाईंनी खरोखरच विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती आणि लेकासाठी ती लावून घ्यावी असंही त्यांना वाटलं नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "विहाराचं काम होतं न बाप्पा."

त्याच संध्याकाळी त्या निघाल्या. पातळ दोनदा साबणाने आणि एकदा लिंबाने घासलं होतं. ठिपके फिके झाले, गेले नाहीत. प्रज्ञेश नवं पातळ घेऊन देतो म्हणाला. मंडळाचं हेच आहे, असं म्हणून त्यांनी ते पिशवीत ठेवलं. गाडी हलेपर्यंत दोघे लोणच्याच्या बरणीबद्दल बोलले.

बुद्धपौर्णिमेला सुट्टी होती. हिंमतरावांनी सकाळीच फोनवर अभिनंदन केलं, कुलूप फुकट मिळवलंत, कमाल आहे, आणि फोन ठेवला. मग प्रज्ञेशने आईला फोन लावला. कांताबाई घाईत होत्या. "बाबू, बाया बोलावून रायल्या, ठेवतो," असं म्हणून त्यांनी फोन न तोडताच कमरेच्या पिशवीत टाकला.

प्रज्ञेशनेही तो तोडला नाही. मशीनसमोरच्या स्टुलावर बसून तो ऐकत राहिला. नाणी वाजत होती. कुणीतरी सतरंजी ओढत होतं. कुणाचं तरी पोर रडलं आणि एकदम थांबलं, त्याला कुणीतरी पेढा दिला असावा. मग चंद्रभागाबाईंचा खणखणीत आवाज अगदी जवळून आला.

"अवो कांताबाई, हे ठिपके कायचे पडले पातळावर?"

प्रज्ञेशने फोन कानाला घट्ट लावला. पिशवी जराशी खसखसली.

"पोराकडे जास्त दिवस रायली न," कांताबाई म्हणाल्या. "चला, वंदना सुरू करू."