साडेचार हात वात

विहिरीत सुरुंग लावणाऱ्याच्या घरी चौथी शिकलेली सून आली तेव्हा शेजारणींनी तोंडाला पदर लावले होते. कोकिळेला त्यांचं सोयरसुतक नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की नवरा कडूबा रोज संध्याकाळी आपल्या दोन पायांवर घरी यावा.

त्या साली नागपूरच्या सरकारची तगाई निघाली, विहिरीसाठी कर्ज मिळू लागलं आणि मोताळ्याकडे जिकडेतिकडे विहिरींचं काम सुरू झालं. कडूबाला उसंत नव्हती. सुरुंगाची वात मात्र तो अंदाजानंच कापायचा.

"अंदाजानं काऊन कापता तुमी?"

"माह्या बापानंबी अशीच कापली."

"म्हणूनच मामंजीची तीन बोटं गेली."

मग कडूबानं कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक हात वात मोजली आणि अंगणात पेटवली. ती जळेपर्यंत कोकिळेचे पन्नास आकडे मोजून झाले. काम चालू होतं त्या किसनरावाच्या विहिरीतून दोर धरून वर यायला त्याला दोनशे लागले.

"पन्नासाले एक हात, तं दोनशेले किती?" तिनं शाळेतलं त्रैराशिक मांडलं. "चार. वरून अर्धा हात माह्यासाठी."

"हाव, मास्तरीणबाई," तो हसला. पण त्या दिवसापासून तो साडेचार हातच कापू लागला. बाई खूश होती, खोटं कशाला बोला.

पोळ्याच्या आधीची गोष्ट. ती किसनरावाच्या विहिरीवर भाकरी घेऊन आली, तर कडूबा खाली चिखलात. ओल्या हातानं वात धरली तर ती वाया जाते.

"साडेचार हात कापून सोड वं," तो खालून म्हणाला.

तिनं पदराला हात पुसले. कोपर ते बोट, कोपर ते बोट, प्रत्येक वेळी वात ताणून नीट धरली. तूप वाढतानाही कुणी इतकं जपून वाढत नाही. वात टोपलीतून खाली गेली. कडूबानं ती फिरून मोजली नाही. बायकोचा हिशेब, त्याला काय मोजायचं?

वात पेटली. माणसं लांब पळाली. बाभळीआडून कोकिळा नेहमीसारखी मोजत होती. एकशे ऐंशीला त्याचं मुंडासं काठाशी दिसलं. तिचा जीव भांड्यात पडला. एकशे सत्त्याऐंशीला विहीर फुटली.

"वात खराब निघाली," किसनराव अंगणात सगळ्यांना सांगत होता. "दुकानदारानं दगा देल्ला."

कडूबाला शेवटची आंघोळ घालायची होती. कोकिळेनं त्याचा हात मांडीवर घेतला आणि पुसता पुसता थांबली. तिनं आपलं कोपर त्याच्या कोपराला लावलं. तिचं मधलं बोट त्याच्या बोटाच्या टोकापर्यंत पोचलंच नाही. चार बोटं जागा उरली.

अंगणात वात मोजली होती ती त्याच्या हातानं. विहिरीवर मोजली ती तिच्या.

तिला थांबायचं होतं, पण शिकलेलं डोकं थांबेना. त्याचा हात चोवीस बोटांचा. हातामागं चार बोटं कमी, साडेचार हातांना अठरा. त्यातली बारा तिच्या त्या जास्तीच्या अर्ध्या हातानं भरून काढली. सहा उरली. चोवीस बोटांना पन्नास आकडे, तर सहा बोटांना किती?

"साडेबारा," ती पुटपुटली. "साडेबारा, साडेबारा."

शेजारच्या मनकर्णाबाईनं ओठ हलताना पाहिले आणि बाकीच्या बायकांना खूण केली.

"गप ऱ्हा वं जरा. देवाचं नाव घेऊन राह्यली ते."