हिरव्या रंगाचे तीन टी-शर्ट

"'काऊन बे'वाल्या मॅडम तुमीच काय?"

सकाळचे साडेदहा झाले होते. फोन पोलीस ठाण्यातून होता. बोलणारा जमादार होता. मेघा संगणकासमोरून उठून उभी राहिली. 'काऊन बे', म्हणजे 'का रे', हे तिच्या टी-शर्टच्या दुकानाचं नाव. दुकान म्हणजे एका वेबसाइटवरचं पान. वऱ्हाडी बोलण्यातली वाक्यं घेऊन ती सिंदी मेघेतल्या घरी बसून डिझाइन करायची आणि तिथं चढवायची. कोणी ऑर्डर दिली की वेबसाइटवाली कंपनी दूर कुठंतरी तेवढा एक टी-शर्ट छापून थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठवायची. मेघाच्या हाताला ते कापड कधी लागायचं नाही, घेणाऱ्याचं तोंडही दिसायचं नाही.

कोणत्या तरी वाक्यावरून कोणाचं मन दुखावलं असणार, असंच तिला वाटलं.

"हो, मीच. काय झालं साहेब?"

"हिंगणीच्या रस्त्यावर एक माणूस भेटला, सकाळी सहाले. गाडीनं उडवला असन. बेशुद्ध आहे. पाकीट नाई, मोबाईल नाई. टी-शर्टाच्या गळ्यापाशी आतून तुमच्या दुकानाचं नाव आहे, त्याच्यावरून नंबर काढला. समोर लिवलं आहे..." जमादार थांबला आणि पंचनामा वाचावा तशा सुरात म्हणाला, "यिऊन राह्यलो ना बाप्पा."

मेघानं खुर्चीची पाठ धरली. ते वाक्य तिनं आपल्या भावाच्या तोंडून उचललं होतं. अश्विन कुठंही असो, किती का उशीर होवो, फोनवर त्याचं उत्तर हेच.

"रंग कोणता आहे?"

"हिरवा. साइज एल. वय तीसेक असन. तोंड लय सुजलं, वळखू येत नाई."

अश्विन एकतीस वर्षांचा होता. मोबाईल टॉवरच्या दुरुस्तीचं काम करायचा. आज पहाटे पाचला तो हिंगणीच्या टॉवरवर जायला निघाला होता.

दवाखान्याचं नाव विचारून तिनं फोन ठेवला आणि अश्विनला लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. हिंगणीजवळच्या बोरच्या जंगलात रेंज नसतेच, ती स्वतःला समजावत राहिली. चौथ्यांदाही तेच.

आतल्या खोलीत तिची आई धुरपताबाई अंबाडी निवडत बसली होती.

"आई, अश्विन आज काय घालून गेला?"

"तेच तुयं हिरवं. काऊन?"

"असंच."

मेघा परत संगणकाशी आली. तिनं ऑर्डरींची यादी उघडली. त्या डिझाइनचे हिरवे, एल साइजचे टी-शर्ट आजवर तीनच गेले होते. एक पुण्याला. एक अश्विनचा. तिसरा आर्वी तालुक्यातल्या रोहण्याला. वेबसाइट गाव दाखवायची, नाव नाही. रोहण्याचा असू दे, तिच्या मनात आलं. रोहण्याचाच असू दे. आणि आपण काय मागतोय हे कळून तिनं यादी बंद केली.

मागं वळली तर आई दारात उभी.

"फोन कोणाचा होता?"

खोटं बोलायला तिनं तोंड उघडलं, आणि जमादार म्हणाला ते सगळं सांगून टाकलं. धुरपताबाईनं हात पदराला पुसले, चपला घातल्या. "मी बी येतो," एवढंच म्हणाली.

स्कुटीवर आईचा हात मेघाच्या खांद्यावर होता. पाठीमागून त्रिशरणाचे शब्द कानावर येत होते, मधेच तुटत होते, परत पहिल्यापासून सुरू होत होते.

अतिदक्षता विभागाबाहेर जमादार उभा होता. आत डॉक्टर होते, म्हणून त्यानं दोघींना थांबवलं. काचेतून पट्ट्यांनी गुंडाळलेलं डोकं आणि नळ्या तेवढ्या दिसत होत्या. मग त्यानं प्लास्टिकची पिशवी पुढं केली. आत कात्रीनं कापून काढलेला हिरवा टी-शर्ट होता, रक्तानं कडक झालेला.

अश्विनचा टी-शर्ट हा या डिझाइनचा पहिला. तेव्हा फॉन्टनं घोळ केला होता: 'बाप्पा'मधलं जोडाक्षर तुटून दोन प वेगवेगळे छापले गेले होते. मेघानं नंतर ते दुरुस्त केलं. बदलून देते म्हणाली तर अश्विनच ऐकेना. "राहू दे, पह्यला नंबर आहे माया."

ती पिशवी खिडकीच्या उजेडात धरून बाहेरूनच अंगठ्यानं चोळू लागली. रक्ताखालून अक्षरं नीट वाचता येईनात. बा... मग प... जोडाक्षर अखंड होतं.

"आई, हा अश्विन नाई." ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तिला हसूही येऊ लागलं, रडूही. "नाई हा आपला अश्विन."

धुरपताबाई बसली नाही. काचेला कपाळ लावून ती आत बघत राहिली.

"मंग हा कोणाचा?"

मेघाचं हसू तिथंच थांबलं. तिनं फोनवर दुकानाच्या पानावरचे जुने मेसेज उघडले. दोन महिन्यांपूर्वीचा एक सापडला: 'भाऊ, रोहण्याले पोचते का? आमच्या ह्याईच्या वाढदिवसाले द्याचा आहे.' खाली मोनाली हे नाव आणि कुरियरवाल्यासाठी दिलेला नंबर. नंबर लावताना ती सकाळपेक्षा जास्त घाबरली होती. सकाळी निदान तिला नुसतं ऐकायचं होतं.

"मोनालीताई? मी मेघा, टी-शर्टवाली..."

"आता नोको ताई, मंग बोलू. आमचे हे कालच्यान..." तिकडचा आवाज थांबला. "तुमी काऊन फोन केला?"

"त्याईच्या अंगात हिरवा टी-शर्ट होता काय?"

"जिते आहेत ना?"

"आहेत. मी काचेतून पाहून राह्यली, छाती हालून राह्यली. तुमी या. आमी इथीच बसतो."

मोनाली अडीच वाजता दिराला घेऊन पोचली. तिचा नवरा प्रफुल काल हिंगणीला बहिणीकडं निघाला होता. शेवटच्या बसमधून फाट्यावर उतरून पायी जात होता, म्हणजे रात्रभर तो रस्त्याच्या कडेलाच पडून होता. मोनाली आत जाऊन आली, बाकावर बसली आणि शेजारी बसलेल्या मेघाचं मनगट तिनं गच्च धरलं. नखं रुतत होती. मेघानं हात हलवला नाही.

तेवढ्यात मेघाचा फोन वाजला. अश्विन. धुरपताबाईनं तो तिच्या मांडीवरून उचलला, व्हरांड्याच्या पार टोकाला गेली आणि तोंडावर पदर धरून हळूहळू बोलू लागली. तरी तिचा एक हुंदका इकडं आलाच.

"तुमचं बी कोणी हरवलं होतं काय?" मोनालीनं विचारलं.

"भाऊ. भेटला आता."

"बरं झालं," मोनाली म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली, "बरं झालं बाई." मनगट मात्र तिनं सोडलं नाही.

चौथ्या दिवशी प्रफुलनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. उडवणारी गाडी काही सापडली नाही. प्रफुल घरी जाईपर्यंत दवाखान्यात डबा धुरपताबाईकडून जायचा, आणि तो पोचवायचा अश्विन.