ओला रंग

रंगाच्या कारखान्यात माझं काम छटा जुळवण्याचं होतं. गिऱ्हाईक भिंतीचा टवका घेऊन यायचं, मी तसाच रंग बनवून द्यायचे. मग कंपनीने एक यंत्र आणलं. त्याच्यासमोर टवका धरला की ते मिश्रण सांगतं, आणि अचूक सांगतं. साहेबांनी मला गोदामात जागा देऊ केली. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

त्याआधीच्या शनिवारी मी कृत्रिम डोळे बनवणाऱ्या एका बाईंकडे निघाले. त्यांना हाताखाली शिकायला माणूस हवं होतं. अट एकच, आधी दिवसभर काम करून दाखवायचं.

ताईला हे मुळीच पटलं नव्हतं. "चाळिशीत डोळे रंगवायला शिकणार? गोदामात निदान पगार तरी सुखाने मिळेल."

"आणि उद्या गोदामातही यंत्र आलं तर?"

"डोळ्यांचं येणार नाही कशावरून?"

प्रश्न रास्त होता. मी तोच बाईंना विचारला.

"येईल की," बाई म्हणाल्या. "छापील बुबुळं मिळतातच. पण प्रत्येकाची खोबण वेगळी, घासून बसवायला हात लागतो. मुलं वाढतात तसा डोळा बदलावा लागतो, मोठ्यांनाही काही वर्षांनी नवा लागतो. इथे आलेलं माणूस जन्मभर येत राहतं. मीच थकलेय."

खिडकीपाशी एक शिंपी बसले होते. त्यांचा उजवा डोळा अपघातात गेला होता. डाव्याकडे बघून मला एका काळ्या चकतीवर बुबुळ रंगवायचं होतं.

"दोन्ही डोळे एकाच माणसाचे वाटू देत," ते म्हणाले. "बाकी माझी काही तक्रार नाही."

मी सवयीप्रमाणे एकेक थर दिला, वाळू दिला, मग डोळ्याशी ताडून पाहिला. दुपारपर्यंत असा जुळला, की मी मनातून खूश झाले. बाईंनी चकतीवर बुबुळावरच्या पडद्यासारखी पारदर्शक टोपी बसवली आणि ती शिंप्यांच्या गालाशी धरली. मधासारखा तपकिरी रंग काळपट होऊन बसला होता.

शिंप्यांनी आरसा घेतला. "हा माझ्या मेहुण्याचा दिसतोय."

माझे कान तापले. गोदाम डोळ्यांसमोर उभं राहिलं. आणि मग एकदम उमगलं. भिंत कोरडी झाल्यावर बघायची असते. ओल्या नमुन्यावर मत दिलं असतं तर कारखान्यात बोलणी बसली असती. डोळा मात्र कधीच वाळत नाही. पाण्याखाली, तसाच या टोपीखाली, रंगातून कमी प्रकाश विखुरतो, म्हणून तो गडद दिसतो. एवढं भौतिकशास्त्र मला येत होतं, फक्त ते इथे लावायचं सुचलं नव्हतं.

"दुसरी चकती द्या," मी म्हणाले.

या वेळी रंग फिकट घेतला, आणि प्रत्येक थर वाळला की त्यावर पाण्याचा थेंब ठेवून त्यातून पाहिलं. थेंबाखाली आतल्या रेषा उठून आल्या. डोळ्याच्या बाहुलीभोवती पिवळसर कडं होतं, कडेला राखाडी झाक होती. एवढ्याशा जागेत इतके रंग मला कुठल्याच भिंतीत सापडले नव्हते. चहा आला आणि निवून गेला.

टोपी बसवली. शिंप्यांनी पुन्हा आरसा घेतला.

"शर्टाला असा जुळणारा दोरा मिळायला मला अर्धा बाजार पालथा घालावा लागतो," ते म्हणाले.

बाई हसल्या. "थेंबाचं मी चहानंतर सांगणार होते. तुम्हाला दम धरवला नाही."

"म्हणजे घेताय मला?"

"तुम्ही येताय का ते सांगा. शिकायला काही वर्षं जातील. लोक कंटाळून पळतात."

"सोमवारी कंपनीत नाही म्हणून सांगते आणि मंगळवारपासून येते."

"नाही म्हणायला फोन पुरतो. सोमवारीच या. सकाळी एक लहान मुलगी येतेय, हिरवट डोळ्यांची."

मी जायला उठले होते. पर्स पुन्हा खाली ठेवली.

"किती हिरवट?"