अस्वल आधी कुणी पाहिलं

उत्तर टोकाच्या बर्फाळ मुलखातल्या इकिरासाक गावात अकीशूच्या अस्वलाला मरून एकसष्ट वर्षं झाली होती आणि ते अजून वाढत होतं. मेलं तेव्हा ते बेताचंच असावं. पण उलायू शाळेत जायला लागली तोवर नऊ फुटांचं झालं, तिच्या लग्नात दहाचं, आणि आता तिची नातवंडं ऐकायला बसत तेव्हा ते बिचारं गोष्टीत शिरताना वाकून शिरायचं. उलायूने ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की अकीशू खोकायला थांबला तर पुढचं वाक्य ती पुरवत असे.

अकीशू तिचा सख्खा भाऊ, चौदा वर्षांनी मोठा. पण ती जन्मली त्याच हिवाळ्यात त्यांची आजी वारली आणि आजीचं नाव हिला मिळालं. नाव मिळालं की त्याच्याबरोबर नातंही येतं. म्हणून सत्त्याहत्तर वर्षांचा अकीशू त्रेसष्ट वर्षांच्या बहिणीला ‘आजी’ म्हणे आणि ती त्याला ‘नातवा’ म्हणे. चुकून त्याने तिला नावाने हाक मारली असती तर लोकांनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

अस्वलावर गोळी अकीशूने झाडलीच नव्हती, ती वडिलांनी झाडली होती. पण गोळीला कोण विचारतं? बर्फावर अस्वल ज्याला आधी दिसलं त्याचं. कातडं त्याचं, नाव त्याचं. १९५५च्या मे महिन्यात, सोळा वर्षांच्या अकीशूने बर्फाच्या उंचवट्यांमधून ते आधी पाहिलं, असं अकीशू सांगे आणि वडील असेपर्यंत तेही मान डोलवत. कातडं दुकानदाराकडे गेलं आणि त्याच्या बदल्यात पितळी दुर्बीण घरी आली. तेव्हापासून ती अकीशूच्या खिडकीत होती. बर्फावर कुणी हरवलं की शोधायला निघणारी मंडळी आधी अकीशूच्या घरी जात. एरवी गावात कोण कुणाकडे चहाला गेलं आणि किती वेळ बसलं, याचीही पक्की माहिती त्याच खिडकीत मिळे.

गेली दोन वर्षं मात्र त्याच्या डोळ्यांपुढे धुकं होतं. हे फक्त उलायूला ठाऊक होतं, कारण एकदा तिच्या घरी त्याने कपाच्या शेजारी चहा ओतला, रिकामा कप तोंडाला लावला आणि चहा फक्कड झालाय असं सांगितलं. डोळ्यांचा डॉक्टर वर्षातून दोनदा विमानाने गावात येई. नेमकं त्याच दिवशी अकीशूला मासेमारीला जायचं असे.

अशात दक्षिणेच्या शहरातून ब्रिजेट नावाची तरुण बाई आली. ती जुन्या फिल्म आणि फोटो सांभाळणाऱ्या संग्रहालयात कामाला होती. पन्नासच्या दशकात इकिरासाकच्या दुकानदाराची बायको, मिसेस पेटिग्रू, हौसेने घरगुती सिनेमे काढत असे. ती मेल्यावर तिच्या नातीला तळघरात, नाताळच्या सजावटीखाली, फिल्मचे चौदा डबे सापडले. ब्रिजेटने त्यांची प्रत संगणकात घालून आणली होती. शनिवारी ती गावाच्या हॉलमध्ये दाखवायची आणि त्याआधी कुणा जाणत्याने चेहरे ओळखून द्यायचे, असं ठरलं. गावाच्या कचेरीने उलायूला पाठवलं. तीस वर्षं दवाखान्यात दुभाषी म्हणून काढल्यामुळे तिला सगळा गाव आतून-बाहेरून माहीत होता, आणि चेहरा दिसला नाही तरी बुटांच्या टाक्यांवरून माणूस कुठल्या घरचा हे ती सांगू शकत असे.

काम सोपं नव्हतं. मिसेस पेटिग्रूने मुख्यतः आपल्या कुत्र्याचा सिनेमा काढला होता. कुत्रा झोपलेला, कुत्रा उठलेला, मग खिडकीतल्या कुंड्या, मग पुन्हा कुत्रा. गावातली माणसं दिसत ती तिच्या आणि कुत्र्याच्या मध्ये आली म्हणून. उलायू मात्र नेटाने ओळखत गेली. एका ठिकाणी सोळा वर्षांचा पोरगा आला आणि हा माझा नातू, असं ती सहज म्हणाली. ब्रिजेटची पेन्सिल थांबली. मग उलायूने नावाचं सगळं समजावलं, ब्रिजेटने अर्धं पान टीप लिहिली, आणि शेवटी टीप वाचून उलायूलाच काही कळेना.

नवव्या डब्यावर मिसेस पेटिग्रूच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘अस्वल, मे १९५५’.

बर्फाच्या कडेला तंबू. स्टोव्हवर किटली. वडील खाली बसून कुत्र्यांचे पट्टे शिवताहेत. आई पाठमोरी उभी, तिच्या अंगरख्याच्या पाठीवरच्या मोठ्या टोपीत दोन वर्षांची उलायू. स्लेजवर समुद्राकडे पाठ करून अकीशू बसलेला. एका हातात बिस्किट, दुसऱ्या हाताला थुंकी लावून तो कॅमेऱ्यासाठी केस बसवतोय. आणि डावीकडे वरच्या कोपऱ्यात, बर्फाच्या दोन उंचवट्यांमध्ये, एक पिवळट ठिपका.

ठिपका किंचित सरकला.

आईच्या पाठीवरच्या टोपीतून एक उघडा इवलासा हात बाहेर आला आणि त्याने सरळ त्या ठिपक्याकडे बोट केलं. आईने हात बघितला, मग हाताच्या दिशेला बघितलं. मग वडिलांनी बघितलं. मग मिसेस पेटिग्रूच्या कुत्र्याने. सगळ्यांत शेवटी, बिस्किट संपल्यावर, अकीशूने. त्यानंतर चित्र भूकंप झाल्यासारखं हललं, आणि पुढे एकदम मेलेल्या अस्वलावर पाय ठेवून उभा असलेला अकीशू. केस छान बसलेले.

उलायूने पुन्हा दाखवायला सांगितलं. मग आणखी एकदा. ब्रिजेटला वाटलं, आईला पाहून म्हातारीला भरून आलंय. तिने हळूच कागदी रुमाल पुढे सरकवला.

“किती गोड आहात तुम्ही,” ब्रिजेट म्हणाली. “बिस्किट मागताय वाटतं. हा डाग मात्र वाईट आहे.” तिने पेन्सिलीच्या टोकाने अस्वल दाखवलं. “डब्यात ओल गेली असणार. मूळ फिल्मला आम्ही हात लावत नाही, पण या प्रतीतून शनिवारपर्यंत काढून टाकता येईल. काढू ना?”

उलायू तिच्याकडे बघतच राहिली. या पोरीने दहा वर्षं जुन्या फिल्म बघण्याचं काम केलं होतं, आणि तिला अस्वल दिसलं नव्हतं. शनिवारी हॉलमध्ये दोनशे माणसं असणार. त्यातल्या चार वर्षांच्या पोरालाही ते तंबूच्या आधी दिसलं असतं.

तिला नऊ वर्षांची उलायू आठवली. एकदाच दुर्बिणीतून बघू दे म्हणून ती हटून बसली होती आणि अकीशू म्हणाला होता, ही ज्याला दिसतं त्याच्यासाठी आहे, आजी, तू जाऊन टाके घाल. तिने टाके घातले होते, पुढे चोपन्न वर्षं. आता फक्त नको म्हणायचं होतं. डाग नाही, राहू दे, एवढं म्हटलं तरी शनिवारी तिचं अस्वल चालत तिच्याकडे आलं असतं. मग तिला कपाच्या शेजारी ओतलेला चहाही आठवला.

“काढ बाई,” ती म्हणाली. “डाग काय ठेवायचा.”

चांगुलपणा करून माणूस लगेच सुखी होतं असं नाही. दोन दिवस उलायूचा नुसता जळफळाट चालला होता. शुक्रवारी ती अकीशूकडे गेली तर तो गोष्टीची तालीम करत होता. पडद्याशेजारी उभं राहून, माइक हातात घेऊन, नवव्या डब्याच्या वेळी तो स्वतः सांगणार होता. फक्त डबा सुरू झाल्याचं त्याला दिसणार नव्हतं. तेव्हा आजीने शेजारी बसून कोपराला हात लावावा, असं त्याने दुसऱ्याच कुठल्या तरी विषयासारखं सांगितलं. उलायूने बरं म्हटलं. पण उठता उठता तिच्या जिभेला राहवलं नाही.

“नातवा, त्या दिवशी तू बिस्किट खात होतास का रे?”

अकीशूचे हात मांडीवर थांबले.

“कोण म्हणालं?”

“कुणी नाही. सोळा वर्षांच्या पोराला भूक लागतेच, म्हणून म्हटलं.”

शनिवारी हॉलच्या खिडक्यांना पांघरुणं लावली होती, कारण मे महिन्यात सूर्य घरी जायचं नाव घेत नाही. सगळा गाव आला होता. पडद्यावरच्या कुत्र्याला पोरांनी डोक्यावर घेतलं. मेलेली माणसं पडद्यावर आली की हॉल एकदम शांत होई, मग कुणीतरी नाव घेई, आणि त्या नावाचं जे कुणी आज गावात असेल, एखादा दुकानातला पोरगा किंवा एखादी रांगती मुलगी, त्याच्याकडे सगळे वळून हसत. नववा डबा लागला. उलायूने कोपराला हात लावला. अकीशू उठला.

त्याने नेहमीसारखीच सुरुवात केली. वारा, किटली, वडिलांचं शिवणकाम. लोक सुखाने मागे टेकून बसले. मग तो ज्या वाक्यावर आवाज खाली आणत असे ते वाक्य आलं, आणि तो थांबला. खोकला नाही. उलायूने सवयीने पुढचं वाक्य देण्यासाठी तोंड उघडलं होतं.

“आता आजी हात वर करील,” अकीशू म्हणाला.

पडद्यावर हात वर झाला.

“त्या बोटापुढे अस्वल आहे. ते तिने आधी पाहिलं. मी बिस्किट खात होतो. दोन वर्षांची पोर दुर्बीण घेऊन काय करणार, म्हणून बाबांनी ते मला दिलं. मी घेतलं.”

हॉलमधल्या दोनशे जोड्या डोळ्यांनी बोटाच्या दिशेने बघितलं. तिथे स्वच्छ, पांढरा, डागविरहित बर्फ होता. इतका सुंदर बर्फ त्या मे महिन्यात तरी कुठे पडला नसेल. लोकांनी पुन्हा बघितलं. दोन वर्षांचं मूल. मुलं काय, कशाकडेही बोट करतात.

मागच्या रांगेतून म्हाताऱ्या मोसेसीचा आवाज आला.

“बघा याचं मन. एवढं मोठं अस्वल आजीला देऊन टाकलं.”

मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, त्यात अकीशूचं पुढचं बोलणं कुणाला धड ऐकू गेलं नाही. तो माइकमध्ये म्हणत होता की मन कसलं, खरंच तसं झालं. तो जितकं सांगे तितका लोकांना तो थोर वाटू लागला. बायका डोळे पुसत होत्या. सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या ब्रिजेटने वाजवल्या. अस्वल त्या संध्याकाळी सहज फूटभर वाढलं.

उलायू खुर्चीत बसून होती. उठून खरं सांगावं, असं एकदा तिच्या मनात आलं. पण मग लोक म्हणाले असते, बघा, आता आजी नातवाची बाजू घेतेय. तिचं अस्वल दक्षिणेत कुठल्याशा थंड खोलीत मूळ डब्यात बसलं होतं, आणि ब्रिजेटच्या यादीत त्याच्यापुढे लिहिलं होतं: कोपऱ्यात डाग. कोपऱ्यात डाग म्हणून कुणी ते कधी शोधणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अकीशू तिच्या घरी आला. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. उलायूने बॅनक पावाचा तुकडा आणि चहा पुढे ठेवला. कप तिने त्याच्या हातातच दिला.

“मोठेपणा वगैरे काही नाही हं,” घोट घेऊन तो म्हणाला. “तू बिस्किटाचं बोललीस तेव्हाच कळलं, पेटिग्रूबाईने सगळं टिपलंय. सगळ्यांसमोर पकडलं जाण्यापेक्षा आपणच बोललेलं बरं. पण आजी, एक मला अजून कळत नाही. त्यांना अस्वल दिसलं कसं नाही?”

“मी पुसायला लावलं.”

अकीशूने कप खाली ठेवला.

“का?”

“तुझी लाज राखायला.”

त्याच्या खांद्यांना हादरे बसू लागले, आणि उलायू घाबरून उठली तर तो हसत होता. डोळ्यांतून पाणी, बॅनकचा भुगा सगळ्या छातीवर. तीही हसली. मग थोडी रडली, ते वेगळं.

टॉवेल त्याने तिच्या मांडीवर ठेवला. एकसष्ट वर्षांत दुर्बिणीचं पितळ बोटांच्या जागी झिजून गुळगुळीत झालं होतं. हे तुझं, एवढंच तो म्हणाला, आणि खिडकीकडे तोंड करून बसला, जणू तिने आता लगेच बघून काय दिसतं ते सांगायलाच हवं होतं.

उलायूने दुर्बीण डोळ्याला लावली. किनारा, उलट्या ठेवलेल्या होड्या, त्यापलीकडे बर्फ. किनाऱ्याच्या रस्त्याने गावाची पाण्याची गाडी घरांच्या टाक्या भरत सावकाश येत होती. तिचा पिवळा रंग उडाला होता. बाकी काही नव्हतं.

तिने दुर्बीण काढली आणि त्याच्या हातात दिली.

“तू आधी बघ, नातवा.”

अकीशूने ती डोळ्याला लावली, जुन्या सवयीने कोपर खिडकीच्या कडेला टेकलं, आणि श्वास रोखून डावीकडून उजवीकडे बर्फ धुंडाळला. मग तो थबकला. आवाज खाली आला.

“अस्वल,” तो म्हणाला. “पिवळं. या बाजूलाच येतंय.”

पाण्याची गाडी मोसेसीच्या घरापुढे थांबली.

“मोठं आहे?” उलायूने विचारलं.

“खूप मोठं.”

“मग तुझंच ते,” उलायू म्हणाली, आणि गाडीवाल्यासाठी आणखी एक कप काढायला उठली.